ढेरी पिण्याची की बसण्याची?

जालन्याच्या एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांचे वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७४ किलो, आणि काम बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेबाचे. सहा वर्षांपूर्वी त्यांना मूतखडा झाला तेव्हा कुणीतरी बिअर घ्यायला सांगितली; खडा पडून गेला, बिअर मात्र राहिली. आता दर शनिवारी मित्रांसोबत दोन स्ट्राँग बाटल्या होतात. हातपाय पूर्वीसारखेच सडपातळ आहेत, पण पोट पुढे आले आहे आणि घरी त्याला ‘बिअरची ढेरी’ असे नाव पडले आहे. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: ही ढेरी खरोखर बिअरचीच का, बिअर सोडून व्हिस्कीवर गेलो तर ती उतरेल का, आणि आपल्यापेक्षा दुप्पट पिणारा मित्र काडीसारखा कसा राहिला. शेवटी त्यांनी समाधानाने लिहिले आहे की काही झाले तरी पँटचा नंबर पंधरा वर्षे ३४च आहे.

मी परभणीत सव्वीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आणि पँटच्या नंबराचे हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. ढेरी वाढू लागली की कमरेचा पट्टा तिच्यावर टिकत नाही, तो हळूहळू खाली उतरतो आणि शेवटी ढेरीच्या खाली, कमरेच्या हाडांवर जाऊन स्थिरावतो. तिथे चरबी फारशी साठत नाही, म्हणून नंबर तोच राहतो. पँटने माघार घेतलेली असते आणि आपण तो विजय समजतो. तुमचा घेर ३४ इंच आहे की ३९, हे पँटला माहीत नाही.

खरा घेर मोजायचा तर शिंप्याची साधी टेप पुरते. उभे राहून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. इथे पुरुष रुग्ण हमखास पोट आत ओढतात. मी टेप लावतो आणि विचारतो, “गाव कोणतं तुमचं?” गावाचे नाव सांगताना श्वास सुटतो, पोट आपल्या जागी येते आणि खरा आकडा सापडतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. त्याहून सोपा ठोकताळा म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा. तुमच्या उंचीला तो ८४ सेंटीमीटर येतो. घरी मोजताना टेप पत्नीच्या हातात द्यावी, कारण स्वतःच्या पोटाचा आकडा वाचताना माणसाची नजर दयाळू होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुमचा प्रश्न बिअर की व्हिस्की असा दिसत असला तरी खरा प्रश्न असा आहे की शरीराने चरबी नेमकी पोटातच का साठवली, आणि ती साठवायला जास्तीचा माल आला कुठून. ही दोन उत्तरे वेगवेगळी आहेत.

पोटावरची चरबी दोन थरांत असते. एक त्वचेखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि त्यांच्यावर पडद्यासारख्या पसरलेल्या आवरणात, जी चिमटीत कधीच येत नाही. हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी ठेवण असेल तर साठा बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. उताणे झोपून पाहा. त्वचेखालच्या चरबीचे पोट दोन्ही बाजूंना ओघळते, आतल्या चरबीचे पोट झोपल्यावरही उपड्या घमेल्यासारखे वर राहते. माझ्याकडे येणारे काही जण तर पोटावर बुक्की मारून दाखवतात आणि म्हणतात, “डॉक्टर, ही ढेरी नाही, बघा किती टणक आहे, आमच्या घराण्यात असंच असतं.” त्यांना सांगावे लागते की टणक लागतो तो ताणलेला स्नायू, आणि तो ताणला गेला आहे आतून. लोंबणारी ढेरी दिसायला वाईट आणि टणक ढेरी रुबाबदार, असा समज असला तरी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्या हिशेबात टणकच अधिक महागात पडते. पोटाकडची चरबी आणि मांड्यांकडची चरबी यांचे परिणाम वेगळे असतात हे फ्रान्समधील मार्सेयचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच मांडले होते.

अर्थात पुढे आलेले प्रत्येक पोट चरबीचे नसते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना पोट फुगण्याची कारणे इंग्रजी ‘एफ’ अक्षरावरून पाठ करायला लावतात: फॅट म्हणजे चरबी, फ्लुइड म्हणजे पाणी, फ्लेटस म्हणजे वायू, फिसिस म्हणजे मळ आणि फीटस म्हणजे गर्भ. सहावे कारण मोठी गाठ, तिलाही ओढूनताणून एक ‘एफ’ चिकटवलेला आहे. पाचवे कारण तुमच्या बाबतीत मित्रांच्या थट्टेपुरते सोडून द्या, पण दुसरे कारण मी गंभीरपणे घेतो. काही वर्षांपूर्वी एक रुग्ण आला, ज्याच्या पोटाकडे पाहून त्याचे मित्र दोन महिने “जुळं आहे का रे” म्हणून हसत होते. पायांना सूज होती, बेंबी बाहेर आली होती, डोळ्यांत पिवळेपणा होता. ते जलोदराचे, म्हणजे यकृत बिघडल्याने पोटात साठलेले पाणी होते आणि यकृत आक्रसलेले होते. म्हणून चरबीच्या हिशेबात शिरण्यापूर्वी सांगतो: ढेरी वर्षांच्या हिशेबाने वाढते, पाणी आठवड्यांच्या हिशेबाने. पोट झपाट्याने वाढत असेल, पाय सुजत असतील, डोळे पिवळे किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल तर पुढचे वाचत बसू नका, आजच डॉक्टरांकडे जा.

पाणी ओळखण्यासाठी आम्ही पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून आवाज ऐकतो. ही पद्धत जगाला दिली लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी, १७६१ मध्ये व्हिएन्नात पुस्तक लिहून. त्यांचे वडील ग्रात्स गावचे खानावळवाले, आणि पिंप कितपत भरले आहे हे बाहेरून ठोकून ओळखण्याची युक्ती मुलाने तिथेच पाहिली असे सांगतात. पिंपावरची परीक्षा माणसावर आली, आणि ज्यांनी स्वतःचेच पिंप केले आहे त्यांच्यावर ती आजही उत्तम चालते.

तुमचे पोट चरबीचेच आहे असे गृहीत धरून आता शनिवारच्या रात्रीचा हिशेब मांडू. तुम्ही हिशेबनीस असल्यामुळे तो तुम्हाला पटेल. ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बाटलीत अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे बाटलीमागे सुमारे ४१ ग्रॅम. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, तेवढ्याच पिठात ४ आणि तेलात ९. उरलेली थोडी शर्करा धरून एका बाटलीच्या साडेतीनशे ते चारशे कॅलरी होतात. आपल्या घरची मध्यम ज्वारीची भाकरी दोनशेच्या आसपास धरली तर दोन बाटल्या म्हणजे जवळजवळ चार भाकऱ्या. हे काही कमी नाही, पण एवढ्यावर ढेरी उभी राहत नाही.

आता टेबलावर बाकी काय आहे ते पाहू. बाटली उघडण्याआधी खारे शेंगदाणे येतात, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. मसाला पापड येतो, शेव-फरसाण येते, मग कुणीतरी तळलेले चिकन मागवतो. अल्कोहोलने भूक मरत नाही, उलट चाळवते, आणि मोजण्याची सवय तर पहिल्या बाटलीतच विरघळते. हे सगळे ‘चखणा’ या नावाखाली जमा होते आणि जेवणाच्या खात्यात त्याची नोंदच होत नाही. जेवण त्यानंतर, रात्री अकराला सुरू होते: दाल तडका, लोणी लावलेल्या तंदुरी रोट्या, जिरा राईस. तोवर बिअरसकट एकूण बेरीज अडीच हजारांच्या पुढे गेलेली असते, आणि खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाला संपूर्ण दिवसाला तेवढीसुद्धा लागत नाही. त्या बेरजेत बिअरचा वाटा एक तृतीयांशाहून कमी असतो. बदनाम मात्र तीच होते, कारण शेंगदाण्यांची ढेरी असे म्हणण्याची पद्धत नाही.

आपल्याकडे मित्र एकमेकांना ‘प्यायचं का’ असे विचारत नाहीत, ‘बसायचं का’ असे विचारतात. भाषेने निदान आधीच करून ठेवले आहे. शनिवारचे हे चार तासांचे बसणे, आठवडाभर कार्यालयात नऊ-दहा तासांचे बसणे, घरी जाताना दुचाकीवर बसणे आणि रात्री टीव्हीपुढे बसणे, यांची बेरीज केल्यावर दोन बाटल्यांना एकट्याने दोषी धरणे मला न्यायाचे वाटत नाही.

हे मला एका चुकीतून कळले. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, घेर असेल ११० सेंटीमीटर. मी पोटावर हात ठेवला आणि हसत म्हणालो, “बिअर जरा कमी करा.” त्यांनी सदऱ्याचे वरचे बटण काढून गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. तीस वर्षांचे माळकरी, दरवर्षी पायी वारी करणारे. खोलीत त्यांचा मुलगाही बसलेला होता. मी माफी मागितली आणि मग नीट विचारपूस केली. दुकानात बसून दिवसाला आठ-नऊ कप चहा व्हायचा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचे वेफर्स. वारीचे वीस दिवस सोडले तर चालणे देवळापर्यंत. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ४० कॅलरी. आठ कपांच्या ३२० आणि आठवड्याच्या सव्वादोन हजार. दुधाचे वेगळेच. तुमच्या शनिवारच्या दोन बाटल्या साडेसातशे-आठशे कॅलरींच्या आहेत, हे लक्षात घेतले तर ती सरळसरळ चहाची ढेरी होती. तुम्ही दिवसाला किती चहा घेता ते प्रश्नात लिहिलेले नाही, पण मार्चअखेरचे हिशेब चहाशिवाय होत नाहीत एवढे मला माहीत आहे.

चेक प्रजासत्ताकात माणशी बिअरचा खप जगात सर्वाधिक आहे. तिथे सुमारे दोन हजार स्त्री-पुरुषांची पाहणी करून २००३ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की बिअरमुळे वजन किंवा पोटाचा घेर फार वाढतो असे म्हणता येत नाही. हा निष्कर्ष कापून पाकिटात ठेवण्याआधी एवढे ध्यानात घ्या की रोज लिटरभर किंवा त्याहून जास्त बिअर पिणाऱ्या पुरुषांचा घेर वाढतो, असे नंतर जर्मनीत दिसून आले. शिवाय पोटात काय साठते हे त्या पोटाच्या मालकाच्या घडणीवरही अवलंबून असते, आणि इथे आपली घडण युरोपीय माणसापेक्षा वेगळी आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर मोठे काम केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखेच, आतला माल निराळा. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. थोडक्यात, काटकुळे हातपाय आणि चरबी राखणारे धड हा वारसा आपण पाळण्यातूनच घेऊन येतो. दुष्काळात पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला असेल तो, पण शनिवारच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही. तुमचे वजन ७४ किलो आणि बीएमआय २६च्या थोडा वर आहे. युरोपीय मोजमापात हे किंचित जास्त वजन ठरेल. भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानतात.

एवढे ऐकून बिअर निर्दोष सुटली असे समजू नका. अल्कोहोलची चरबी फारशी बनत नाही, अगदी थोडा भाग बनतो. पण शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून यकृत हातातली बाकी सगळी कामे बाजूला ठेवून आधी त्याचा निकाल लावते. तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम या वेगाने तुमचे ८२ ग्रॅम संपायला आठ ते बारा तास लागतात. त्या वेळात चरबी जाळण्याचे काम बरेच मंदावते. शेंगदाण्यांचे आणि लोण्याचे तेल त्याच वेळी रक्तात येते, आणि ते जाळायला कुणी रिकामे नसल्यामुळे सरळ गोदामात जाते. म्हणजे ढेरीत जमा होते ती चखण्याची चरबी, आणि तिला आत सोडणारा पहारेकरी अल्कोहोल. शिवाय काही चरबी यकृतातच साठते. चाळिशीतल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द मी इतक्या वेळा वाचतो की तो नसला तर अहवाल दुसऱ्याचा तर नाही ना, अशी शंका येते.

याच ८२ ग्रॅममध्ये तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे दोन स्ट्राँग बाटल्या म्हणजे चार लार्ज पेग. “मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो” असे सांगणाऱ्याला मी हा गुणाकार कागदावर करून दाखवतो, आणि बहुतेक वेळा त्या क्षणी खोलीत सोबत आलेल्या पत्नीचा चेहरा पाहण्यासारखा असतो. बिअरमध्ये सुमारे नव्वद टक्के पाणी असते हे खरे आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य उद्योगांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितली, तेव्हा बिअरचे कारखाने असलेल्या वाळूजच्या बाटलीत पाणी किती मुरते याची चर्चा आपल्याकडे चहाच्या टपरीवरही झाली होती. पण पाण्याने ढेरी येत नाही आणि उरलेल्या दहा टक्क्यांत चार पेग मावतात. व्हिस्कीवर गेलात आणि चारच पेग घेतलेत तर शर्करेच्या शंभर-दीडशे कॅलरी वाचतील, सोबत कोला घेतलात तर त्याही वाचणार नाहीत. चखणा तोच राहील. आणि पोट भरून थांबण्याची जी सोय बिअरमध्ये आहे ती व्हिस्कीत नाही, त्यामुळे चाराचे पाच व्हायला वेळ लागत नाही. ढेरी उतरवण्यासाठी व्हिस्की सुरू करणे म्हणजे घरातला उंदीर हाकलायला साप पाळण्यासारखे आहे.

मूतखड्याबद्दलही एकदाचे लिहून टाकतो, कारण आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, घाम भरपूर, पाणी पिणे कमी आणि म्हणून खडे फार. त्यावर बिअर हा उपाय मराठवाड्यात डॉक्टरांपेक्षा मित्रच जास्त लिहून देतात. बिअरने लघवी जास्त होते हे खरे, पण अडकलेला खडा तिने विरघळत नाही. छोटा खडा बहुतेक वेळा आपोआपच पडतो आणि श्रेय त्या आठवड्यात जे प्यायले त्याला मिळते. वर बिअरमुळे युरिक आम्ल वाढते, आणि काही खडे त्याचेच असतात. दिवसात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा खरा उपाय आहे. तुमचा खडा पडून सहा वर्षे झाली आहेत. औषध म्हणून सुरू केलेली गोष्ट असेल तर कोर्स पूर्ण झाला असे मी जाहीर करतो.

काडीसारख्या मित्राबद्दल मी त्याला न पाहता फार बोलू शकत नाही. तो शेतावर राबत असेल, त्याची घडण वेगळी असेल, किंवा तो जेवणाऐवजी पीत असेल. ही तिसरी शक्यता मला चिंतेची वाटते. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस बारीक दिसतो तेव्हा पुष्कळदा चरबी नव्हे, स्नायू गेलेले असतात. दंड आणि मांड्या सुकलेल्या आणि पोट मात्र पुढे, असे चित्र दिसू लागले तर ती ढेरी नसते. वर जलोदराचे सांगितले तेच असू शकते. त्याच्या सडपातळपणाचा हेवा करण्यापेक्षा त्याला एकदा यकृताची तपासणी करायला सांगा.

आता करायचे काय. इथे बरेच काही तुमच्या साखरेवर, रक्तदाबावर आणि यकृताच्या स्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे मी दिशा सांगतो, डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज चारशे-पाचशेची तूट ठेवली तर पंधरा-वीस दिवसांत एक किलो उतरते, आणि पोटाच्या आतली चरबी, सुदैवाने, सुरुवातीच्या काळात त्वचेखालच्या चरबीपेक्षा लवकर हलते. वजनाच्या सात ते दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत पाच ते सात किलो गेले तर घेरावर आणि यकृतावर स्पष्ट फरक दिसतो. नुसती बिअर थांबवून गॅसचा फुगा आठवडाभरात बसेल, पट्ट्याचे एखादे छिद्र सुटेल, आणि तेवढ्यावर खूश होऊन लोक थांबतात. चखणा, चहातली साखर आणि रात्री अकराचे जेवण यांना हात लावल्याशिवाय पुढचे छिद्र सुटत नाही.

माझ्या रुग्णांना जमले आहे ते असे. शनिवारी मित्रांकडे जाण्याआधी घरी सात-साडेसातला पूर्ण जेवण: दोन भाकऱ्या, वरण किंवा उसळ, भाजी, दही, हवे तर दोन अंडी. भरल्या पोटी बसलेला माणूस शेंगदाण्यांच्या ताटलीकडे माणुसकीने पाहू शकतो. पिणे पूर्ण थांबवता आले तर उत्तम. अल्कोहोलचे अमुक प्रमाण पूर्ण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे. ते जमत नसेल तर दोन स्ट्राँगऐवजी एक माइल्ड, आणि तीही महिन्यातून एकदा-दोनदा, एवढे तरी करा. पाच टक्क्यांच्या एका माइल्ड बाटलीत २५-२६ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे आजच्या ८२च्या एक तृतीयांशाहून कमी. आणि भाकरीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो: ज्वारी चांगली आहे, पण चांगली आहे म्हणून पाच खाल्ल्या तर त्या हजार कॅलरींच्याच होतात.

व्यायामात पोटाच्या उठाबशांवर फार भिस्त ठेवू नका. पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जळते असे होत नाही. स्नायू घट्ट होईल आणि ढेरी त्याच्या आत सुखरूप राहील. थरथरणारे पट्टेही तसेच. लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेने, तर फक्त त्वचेखालची चरबी काढता येते, आतल्या साठ्याला नळी पोहोचतच नाही. आठवड्यात १५० मिनिटे झपाझप चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, यात सगळे येते. आपल्या आजोबांचे जोर आणि बैठका पुष्कळ झाल्या. दुसरे काही नको. ‘बसायचं का’ या प्रश्नाला ‘बैठका मारायच्या का’ असे उत्तर देणारा एक शिक्षक माझ्याकडे येतो. त्याचे मित्र कमी झाले आहेत, पण घेर सहा महिन्यांत १०१ वरून ९२ वर आला आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. तुम्ही आठवड्यातून एकदा पिता म्हणून तुम्हाला हे लागू नाही, पण वाचणारा कुणी रोज आणि भरपूर पिणारा असेल तर त्याने हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. दोन-चार दिवसांत हातापायांना कंप, झटके, भ्रम असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन थांबवता येते. दुसरे, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी पिणे धोक्याचे आहे. साखर पहाटे खाली जाते, आणि घरच्यांना वाटते की नशा उतरलेली नाही म्हणून झोपला आहे.

तुमच्या वयाला आणि पोटाला ज्या तपासण्या मी लिहून देईन त्या अशा: रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), यकृताच्या चाचण्या आणि पोटाची एक सोनोग्राफी. पत्नी म्हणत असेल की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्त रविवारी सकाळी देऊ नका. सुट्टी असते म्हणून बहुतेक जण रविवारीच लॅबमध्ये जातात आणि शनिवारची रात्र ट्रायग्लिसराइडच्या आकड्यात उतरून येते; मग तो आकडा तुमचा की शनिवारचा, हे मलाही सांगता येत नाही. आधीचा शनिवार कोरडा जाऊ द्या आणि बुधवारी किंवा गुरुवारी, बारा तास उपाशी राहून, कार्यालयात जाण्यापूर्वी रक्त द्या.